तुझ्या खिशातलं पाकीट

३ मार्च

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, ठीक आहे. सतरा वेळा केला. अठराव्यांदा वहिनीने उचलला आणि म्हणाली, "हे दुकानात गेलेत." मागे तुझा खोकला स्पष्ट ऐकू येत होता. तू तिला खोटं बोलायला लावतोस आणि तिला ते अजिबात जमत नाही, एवढंच सांगते. म्हणून हे पत्र. न वाचता तू ते टाकणार नाहीस याची मला खात्री आहे. वायरच्या रिळाला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा तू उलगडून वाचतोस.

दादा, फरक आलाय! लहानसहान नाही, डोळ्यांना दिसेल एवढा!

आता नीट लिहिते, कारण तुला सगळं माहीत असलं तरी तू हे वहिनीला वाचून दाखवशील आणि ती मधेमधे अडवेल. तर वहिनी, आमच्याकडे चाळीस पांढरे उंदीर. वीस 'अ' कपाटात, वीस 'ब' कपाटात. दोन्ही कपाटांना तुझ्या नवऱ्याने गुंडाळलेल्या कॉइल, दिसायला अगदी जुळ्या. एक खरी. तिच्यातून वीज गेली की कपाटात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरी खोटी. तिच्यात दोन तारा जोडीने गुंडाळल्यात आणि वीज एकीतून जाते, दुसरीतून उलटी येते. म्हणजे कॉइल तापते तेवढीच, पण चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. आत चुंबकाशिवाय बाकी सगळं सारखं. खरी कुठली आणि खोटी कुठली, हे आम्हा प्रयोग करणाऱ्यांना माहीत नसतं. माहीत असलं की मन हवं तेच बघतं. ते फक्त दादाने लिहून पाकिटात बंद केलं.

रोज चार तास, सहा आठवडे. मग शेपटीच्या टोकातून दोन थेंब रक्त. उंदीर घाबरला, वैतागला, की त्याच्या मूत्रपिंडावरच्या वाटाण्याहून लहान ग्रंथी एक हॉर्मोन रक्तात सोडतात. तो आम्ही मोजतो. शहाण्णव खळग्यांची प्लेट असते. तिच्यात रक्तातलं पाणी आणि औषधं घातली की पिवळा रंग चढतो. हॉर्मोन जितका जास्त, तितका रंग फिका. उलटा कारभार आहे, पण सवय होते.

काल सकाळी साडेदहाला प्लेट बाहेर काढली. 'ब'च्या रांगा हळदीसारख्या. 'अ'च्या रांगा लिंबू पिळलेल्या पाण्यासारख्या. यंत्रात घालायच्या आधीच मला कळलं. यंत्राने सांगितलं, जवळपास दुप्पट. मी खुर्चीवर बसले, उठले, परत बसले. उंदीरमामा दारातून म्हणाले, "बाई, मुंग्या चावल्या का?" (हे आमच्या प्राणिगृहाचे प्रमुख. वीस वर्षं उंदीर सांभाळतायत, म्हणून हे नाव.)

आता सगळं पाकिटावर अडलंय. कॉइल बसवायला आलास त्या दिवशी तू ते सरांच्या हातात द्यायचं होतंस, पण तुझ्या शर्टाच्या खिशात गेलं. घाईत मी काहीतरी बोलले असेन, तू मनावर घेऊ नकोस. पाकीट पाठव. एवढंच कळायला हवंय, अ की ब?

तुझी,
भिंगरी


११ मार्च

दादा,

आठ दिवस झाले. पोस्टमनला मी आता नावाने नाही, चपलांच्या आवाजाने ओळखते.

तुझं पाकीट नाही, पण बाकी सगळं येतंय! सगळ्या रक्ताची तपासणी पुन्हा केली, वेगळ्या औषधाने, वेगळ्या दिवशी. तोच फरक. चाळिसांतल्या एकाही उंदराने दगा दिला नाही. सर माझ्या टेबलापाशी आले आणि आकड्यांचा कागद उभ्या उभ्या वाचला. मग बसून वाचला. म्हणाले, "बाई, एप्रिलच्या परिषदेत हे तुम्ही मांडायचं. मी नाही, तुम्ही." आणि जाता जाता दारात थांबून, "कोपऱ्यातली खोली रिकामी होतेय. तिथे स्वतंत्र विभाग करावा म्हणतो. तुमच्या हाताखाली." बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या प्लेटा भरतेय, दादा. ती खोली मी रोज येता-जाता बघते. तिला खिडकी आहे.

उंदीरमामांनी आज आणखी एक सांगितलं. ते रोज चालू-बंद करायला जातात. म्हणाले, "बटण दाबलं की 'अ'वाले सगळे मागच्या भिंतीला चिकटतात. एकावर एक. 'ब'वाले खात बसतात." मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "विचारलंत कुठे?" मी ते लगेच वहीत लिहिलं. उंदरांना चुंबक जाणवतोय, दादा! विचार कर.

लोखंडी करवतीचं पातं कपाटाजवळ धरलं, तर खऱ्या कॉइलपाशी ते थरथरेल आणि मला अर्ध्या मिनिटात कळेल. हे तूच मला लहानपणी शिकवलंस. पातं कार्यशाळेत भिंतीवर लटकलंय. मी काही तिकडे हात लावलेला नाही. नियम माझेच आहेत. सांगायचं एवढंच, की लावता आला असता.

तू मुद्दाम करतोयस का? तसं असेल तर तसं लिही. रागाने लिही, शिव्या घाल, पण खाली ते एक अक्षर लिही.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात लिहिलं ते खरं आहे. पात्याला मी हात लावला नाही.

काठीला लावला.

बाबांची काठी, मोटार-पंख्याच्या पोटात काय बिघडलंय ते कानाला लावून ऐकायची. त्या दिवशी तू ती पिशवीत घातलीस असं मला वाटलं होतं, पण ती 'ब' कपाटाच्या मागे भिंतीला टेकून राहिली होती. उंदीरमामांना झाडताना सापडली. एक टोक बाबांच्या कानाने आणि मग तुझ्या कानाने गुळगुळीत झालेलं, दुसऱ्या टोकाला काळा डाग. लहानपणी मी विचारलं होतं, पेचकस का नाही वापरत, सगळे मेकॅनिक वापरतात. बाबा म्हणाले होते, "लोखंड चुंबकाच्या नादी लागतं आणि स्वतःच बोलायला लागतं. लाकूड फक्त ऐकतं."

नऊ तारखेला दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी दोन्ही कॉइल चालू केल्या. काठीचं एक टोक 'ब'ला लावलं, दुसरं कानाला. काही नाही. मग 'अ'ला. दादा, गुंग्ग्ग्, आणि त्याच्यावर बारीक किरकिर, जशी काचेच्या बरणीत माशी अडकावी. सरळ आहे! जिथे गुणगुण, तिथे जोर. जिथे जोर, तिथे चुंबक. 'अ' खरी.

हो, मी नियम मोडला. पण आकडे त्याच्या आधीचे आहेत, प्लेटा आधीच्या आहेत, मी कशातही ढवळाढवळ केलेली नाही. फक्त थांबवेना. परिषदेसाठी सारांश द्यायची शेवटची तारीख पंधरा होती. मी दिला. 'चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या उंदरांमध्ये तणावाच्या हॉर्मोनची जवळपास दुप्पट वाढ.' सरांना सांगितलं, भावाने फोनवर कळवलं.

हे लिहिताना हात जड झालाय, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकते.

पहिल्या पत्रात मी 'काहीतरी बोलले असेन' असं लिहिलंय. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू काठी कानाला लावून बराच वेळ ऐकलंस आणि म्हणालास, "एक कॉइल गातेय. तार सैल बसलीय. वार्निशात बुडवून भट्टीत भाजायला हवी, चार दिवस दे." मी विचारलं, "कुठली?" तू हसलास. "ते सांगायचं नाही, तुझाच नियम." उंदीर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. सर दारात उभे होते, त्यांच्याबरोबर पाहुणे होते. आणि मी म्हणाले, "दादा, हे पंखे दुरुस्तीचं दुकान नाही."

पाहुणे हसले. मीही हसले, तेच जास्त वाईट.

टेप कापलीस, पेचकस पुसलेस, पिशवीत ठेवलेस. जाताना उंदीरमामांना नमस्कार केलास, मला नाही. ज्या दुकानाने माझ्या फिया भरल्या, त्याच दुकानाचं नाव मी टोमण्यासारखं वापरलं. तू सतराव्या वर्षी शाळेचं दप्तर ठेवून बाबांच्या स्टुलावर बसलास, म्हणून मी आज या खुर्चीवर आहे. हे मी सगळ्यांना सांगते. तुलाच कधी सांगितलं नाही.

पाकीट नाही पाठवलंस तरी चालेल. हे वाचलंस एवढं कळव.


२६ मार्च

दादा,

पाकीट मिळालं. वर तीन ओळींची चिठ्ठी, तुझ्या त्याच तिरक्या अक्षरात:

'भिंगरे, काठीने फक्त आवाज कळतो. चुंबक कळत नाही. सर आणि मामा, दोघांसमोर फोड. तोवर आणखी कुणाला काही सांगू नकोस.'

मी सगळ्यांना सांगून बसलेय, दादा.

सर उद्या अकराला येणार. पाकीट मी उजेडात धरून बघितलेलं नाही. शप्पथ.


२७ मार्च

दादा, दादा, दादा!

बस आणि मग वाच. वहिनीलाही बसव.

अकरा वाजता माझं टेबल. सर, उंदीरमामा, मी. मामा हात धुऊन आले होते, जसा काही कागदाला जंतुसंसर्ग होणार. सरांनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. कागद माझ्याकडे सरकवला.

अ: खोटी. ब: खरी.

मला आधी वाटलं तूच चुकलास. मग वाटलं तू सूड उगवलास. हे कबूल करते, दोन्ही विचार मिळून चार सेकंद टिकले. कारण तू माझ्यावर रागावशील, पण तारेशी खोटं बोलणार नाहीस.

सर म्हणाले, "म्हणजे चुंबक नसलेल्या कपाटातले उंदीर घाबरलेत?"

मामा म्हणाले, "मग ते घाबरलेत कशाला?"

आणि मला हसू फुटलं. खरंच, पोट धरून. सरांना वाटलं मी रडतेय. मामांनी पाणी आणलं. मी उठून काठी आणली आणि मामांच्या हातात दिली. त्यांनी 'अ'ला लावली, कानाला धरली, आणि म्हणाले, "अरे, ही तर कण्हतेय!"

आता लिहिते ते तुला पंधरा जानेवारीपासून माहीत आहे, पण मला लिहू दे, कारण मला ते आज कळलं आणि सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. खोट्या कॉइलमध्ये दोन तारा शेजारी शेजारी, वीज विरुद्ध दिशांनी. अशा तारा एकमेकींना ढकलतात. वीज सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलते, प्रत्येक वेळी धक्का. घट्ट बसल्या असत्या तर ठीक, पण ती जोडी नीट बसली नव्हती, म्हणून ती थरथरत राहिली. चुंबकत्व शून्य आणि आवाज सगळा. आपल्याला काठीशिवाय ऐकू येत नाही. उंदरांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, आपल्याला ऐकूच येत नाही असली किरकिरही त्यांना ऐकू येते. रोज चार तास, सहा आठवडे, कानाशी माशी अडकलेली बरणी. मीही मागच्या भिंतीला चिकटले असते!

माझा हॉर्मोन खरा होता, दादा. माझ्या प्लेटा खऱ्या होत्या. फक्त कारण खोटं होतं. आणि ते खोटं मी पकडलं नाही, तुझ्या पाकिटाने पकडलं. तू ते त्या दिवशी सरांना दिलं असतंस तर सरांनी ते दोन मार्चला फोडलं असतं आणि मी 'चुंबकाने उंदीर शांत होतात' असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. काठी कानाला लावायची वेळच आली नसती आणि मला आवाजाचा पत्ताही लागला नसता. मला थांबवायला आधी माझंच खोटं उघडं पडावं लागलं.

मग सरांना खरं सांगितलं. की भावाचा फोन आलाच नव्हता. मी काठी लावली, ऐकलं आणि ठरवलं. त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनी आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "आवाजाचा परिणाम म्हणून मांडता येईल. आकडे तर खरेच आहेत. परिषदेला अजून वेळ आहे."

मी म्हटलं, "सर, आवाज किती, कुठला, हे आपण मोजलेलंच नाही. आणि चुंबकाचा परिणाम आहे की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. मागे घेऊ या."

"मग खोलीचं काय?"

"खोली थांबेल."

"खोली थांबत नसते, बाई," सर म्हणाले. पण पत्र त्यांनीच लिहिलं, माझ्यासमोर, 'सारांश मागे घेत आहोत.' खाली माझी सही. ती करताना हात जड नव्हता. उठताना म्हणाले, "तो वार्निशवाला. चार दिवस मागत होता ना? आठ द्या."

तर, दादा. हे बोलावणं आहे. पंखे दुरुस्तीच्या दुकानाला. तार सैल बसलीय. आमच्या इथे कुणालाच ते ऐकू येत नाही.

भिंगरी


३ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'सोमवारी येतो. वार्निश तिथेच देतो, भट्टी इकडे आहे, भाजायला कॉइल घेऊन जाईन. उंदरांना सांग.'

उंदरांना सांगितलं. मामांनी 'अ'चं बटण काढूनच ठेवलंय.

वहिनीला म्हणावं, तूही ये.


२२ जून

प्रिय दादा,

चार पानं लिहायला बसलेय आणि त्यातली तीन उत्साहाची आहेत, तेव्हा चष्मा लाव.

नव्या उंदरांची प्लेट आज बाहेर आली. भाजलेल्या कॉइल परत बसवताना तू अ-बची अदलाबदल केलीस की नाही, ते या वेळीही फक्त तुझ्या नव्या पाकिटात आहे. त्याआधी रोज सकाळी कॉइल चालू केल्यावर मी आणि मामा आळीपाळीने काठी लावायचो. अ, शांत. ब, शांत. दोन्ही मुक्या, दोन्ही कोमट. मामा आता सराईत झालेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाण्याच्या पंपालाही काठी लावली आणि म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय." गेलंच होतं! कार्यशाळेतले लोक आता त्यांना डॉक्टर म्हणतात. काठी मी परत पाठवत नाहीये, हे तू ओळखलंच असशील. तुला नवी करून घे.

तू इथे होतास ते चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही, पण बघत होते. वार्निशातून कॉइल उचलताना तू थेंब मोजतोस, थेंब पडायचे थांबले की एका बाजूला कलती करून पुन्हा थांबतोस. सर तासभर स्टुलावर बसून ते बघत होते. तू गेल्यावर म्हणाले, "एवढा धीर माझ्या एकाही विद्यार्थ्यात नाही." मी म्हटलं, "माझ्यातही नाही, सर. घरात तो एकालाच मिळाला." त्यावर ते पहिल्यांदा मोकळं हसले. कोपऱ्यातल्या खोलीत सूक्ष्मजीववाले आलेत. खिडकीत त्यांनी झाड ठेवलंय. चांगलं झाड आहे.

आता प्लेट. या वेळी सगळ्या रांगा पिवळ्या. अ हळद, ब हळद. मामा म्हणाले, "गेलं सगळं." मीही तेच म्हणणार होते. मग यंत्राने आकडे काढले.

दादा, फरक आहे.

दुप्पट नाही. डोळ्यांना दिसत नाही. शंभराला दहा-अकरा, एवढासा. एका कपाटात थोडा जास्त, दुसऱ्यात थोडा कमी. योगायोग असू शकतो. कपाट दाराजवळ असल्यामुळे असू शकतो. आणि खरा चुंबकही असू शकतो! पहिल्यांदा काही माहीत नसताना मी उड्या मारल्या होत्या. आता थोडं माहीत आहे आणि बसून आकडे पुन्हा तपासतेय. हे जास्त चांगलं आहे.

सरांशी बोलले. ठरलं असं, की हे आकडे कुणाला दाखवायचे नाहीत. कपाटांच्या जागा बदलायच्या, तिसरी तुकडी आणायची, पुन्हा सहा आठवडे. तेव्हाही हाच फरक त्याच कपाटात आला, तरच नवं पाकीट फोडायचं. तोवर ते तुझ्याकडे. घरच्या कपाटात नको, वहिनीच्या पर्समध्येही नको. तुझ्या शर्टाच्या खिशात, जिथे ते मागे होतं.

आणि आता खरं काम, ज्यासाठी हे पत्र. मी स्वतःला ओळखते. पंधरा दिवसांत मला राहवेनासं होणार. मी फोन करणार. आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी करणार, मग वहिनीची, मग हळूच म्हणणार, "दादा, नुसतं सांग ना, मी कुणाला सांगणार नाही." रडेन. शप्पथ घालेन. बाबांचं नाव घेईन. गेल्या वेळी तू सतरा वेळा फोन उचलला नाहीस आणि मी मनातल्या मनात तुला निर्दयी म्हटलं होतं.

दादा, फोन उचलू नकोस.

वहिनीलाही उचलू देऊ नकोस, तिला खोटं जमत नाही. आणि तुला खोकला आलाच, तर बाहेर जाऊन खोक.

तुझी,
भिंगरी